क्लचची मोकळी चाल



इतिहास शिकविणाऱ्या माणसाने शिवकाल आणि पेशवाई सोडून मोटारीच्या क्लचवर बोलावयास बसावे, याचे आपणांपैकी काही गुरुजींना नवल वाटेल. परंतु इतिहास केवळ किल्ल्यांत आणि कागदांतच असतो असे नाही. तो आपल्या पायाखालीही असतो. मोटार चालविणारा माणूस डाव्या पायाने जे पेडल दाबतो, त्याच्याखाली साडेतीनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. एका फ्रेंच तत्त्वज्ञाने तो सुरू केला, एका इंग्रज शेतकऱ्याच्या मुलाने पुढे नेला, आणि एका कारागिराने चामड्याच्या वाटीने तो तडीस नेला. गंमत अशी, की आजही गाडी घाटात अडते ती बहुधा त्या वाटीपाशीच.

प्रथम क्लच म्हणजे काय ते सांगतो. इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. चाके मात्र कधी थांबवावी लागतात, कधी हळू तर कधी जोरात फिरवावी लागतात. तेव्हा इंजिन आणि चाके यांची गाठ घालणारे आणि हवी तेव्हा ती सोडणारे काहीतरी मध्ये हवे. तेच क्लचचे काम. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून घर्षणाचे अस्तर लावलेली एक गोल तबकडी असते, ती क्लच प्लेट. तिच्या पाठीशी प्रेशर प्लेट असते, ती जोरदार स्प्रिंगच्या बळावर क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दाबली गेली की तिघीही एकजीव होऊन फिरतात. पेडलावर पाय ठेवला की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगची पकड ढिली होते आणि मधली प्लेट मोकळी होते. मग गिअर बदलावा. पाय सावकाश काढला की पुन्हा गाठ बसते.

ही व्यवस्था मोटारीत रुळली ती १८९१ च्या सुमारास. त्या वर्षी पॅरिसच्या पानार्ड-लव्हासोर या कारखान्यात एमिल लव्हासोर याने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके अशी मांडणी केली. पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारी त्याच मांडणीने बनत राहिल्या. त्या काळचे क्लच बहुतेक शंकूच्या आकाराचे असत आणि शंकूला चामडे मढविलेले असे. चामडे वाळले की क्लच एकदम झटका देऊन धरी, आणि तेलकट झाले की घसरे. म्हणून चालकाला त्या चामड्याची बैलाच्या खांद्यासारखी निगा राखावी लागे. त्याला एरंडेल चोळावे लागे, आणि फार तेल झाले तर माती टाकून ते शोषून घ्यावे लागे.

चामड्याच्या जागी टिकाऊ अस्तर आणण्यात हर्बर्ट फ्रूड या इंग्रज माणसाचा मोठा वाटा आहे. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर शेतकरी आपल्या गाड्यांच्या ब्रेकला जुन्या बुटांचे तळवे ठोकीत, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. १८९७ मध्ये त्याने ब्रेकची अस्तरे बनविण्यास आरंभ केला. १९०८ पासून त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जाऊ लागले. ते उष्णता सोशी, परंतु त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते हे पुढे उघड झाले. म्हणून जुन्या गाडीचा क्लच उघडला तर त्यातील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

हे झाले क्लचचे. आता पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवावयाचा कसा? पहिल्या मोटारींत ते काम लोखंडी सळया, तरफा आणि तारा करीत. आपल्याकडे खेडोपाडी फिरलेल्या जुन्या जीपगाड्यांतही तशीच योजना होती. पण सळईला वाकडी वाट चालत नाही. तिचे सांधे झिजतात, ते खडखडतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडा जोर वाया जातो. १९३१ मध्ये अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने इंजिन रबराच्या उशांवर बसविण्याची नवी रीत आणली. प्रवाशांना सुख झाले, पण सळईची पंचाईत झाली. आता पेडल एका जागी, आणि इंजिन रबरावर डोलणारे! इंजिन डोलले की सळई ओढली जाई आणि क्लच थरथरे. असे काहीतरी हवे होते, की जे पाहिजे तसे वाकेल, पण जोर मात्र कमी होऊ देणार नाही. ते होते द्रव. आणि त्याची विद्या तर कधीच लिहून ठेवलेली होती.

मंडळी, त्यासाठी आपल्याला सतराव्या शतकात गेले पाहिजे. ब्लेझ पास्कल १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों गावी जन्मला आणि १६६२ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच वारला. म्हणजे तो आपल्या शिवाजी महाराजांचा समकालीन. द्रवांच्या समतोलावर त्याने लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या साली महाराजांनी लाल महालात शाइस्तेखानावर छापा घातला, तेच हे साल. त्या निबंधात पास्कल म्हणतो ते थोडक्यात असे. पाण्याने भरलेले एक बंद भांडे घ्या. त्याला दोन तोंडे ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे. दोन्ही तोंडांत घट्ट बसणारे दट्टे घाला. मग लहान दट्ट्यावर एक माणूस जोर लावील, तर तो मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांना तोलून धरील. कारण बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो.

शिक्षकबंधूंनी हे वर्गात सांगताना पुढची अर्धी गोष्टही अवश्य सांगावी. जोर शंभरपट झाला, तर चाल शंभरावा हिस्सा होते. लहान दट्ट्या शंभर बोटे खाली गेला, तर मोठा एकच बोट वर येतो. फुकट काही मिळत नाही. जे बळात कमावले ते अंतरात मोजून द्यावे लागते. क्लच जुळविण्याचे सारे मर्म याच हिशेबात आहे.

तत्त्व असे १६६३ मध्ये छापले गेले. मग त्यावर चालणारे यंत्र लगेच निघाले असेल असे आपल्याला वाटते. नाही. मध्ये एकशेबत्तीस वर्षे गेली! १७९५ मध्ये लंडनच्या जोसेफ ब्रामा याने जलदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. हा ब्रामा यॉर्कशायरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी पायाला दुखापत झाल्यामुळे शेतीच्या कामाला तो उपयोगी राहिला नाही, म्हणून घरच्यांनी त्याला सुतारकामाला लावले. पुढे कुलपे बनविण्यात त्याने असे नाव काढले, की त्याच्या दुकानातील एक कुलूप उघडून दाखविण्याचे जाहीर आव्हान कित्येक वर्षे कोणालाच जिंकता आले नाही. अखेर १८५१ मध्ये एका अमेरिकन कुलूपकाराने ते उघडले, तेही पन्नासहून अधिक तास खटपट करून.

पण जलदाबाच्या यंत्रात ब्रामाही एका ठिकाणी अडला. दट्ट्या सैल ठेवला तर बाजूने पाणी फुसकन् बाहेर येई. तो घट्ट करावा म्हणून भोवती काथ्या आवळून भरला, तर दट्ट्या असा रुतून बसे की दाब काढल्यावर तो परतच येईना. सैल चालत नाही आणि घट्टही चालत नाही, तर मग काय करावे?

त्याच्या कारखान्यात हेन्री मॉड्स्ली नावाचा तरुण कामगार होता. तो १७७१ मध्ये जन्मलेला, वयाच्या बाराव्या वर्षी वुलिचच्या दारूगोळ्याच्या कोठारात काडतुसे भरण्याच्या कामाला लागलेला. शाळा त्याला फारशी मिळाली नाही. पण त्याच्या हाताला डोळे होते असेच म्हणावे लागेल. ब्रामाच्या अडचणीवर तोडगा काढण्याचे श्रेय त्याला दिले जाते. पुढे त्याच्या हाताखाली काम केलेला प्रसिद्ध यंत्रज्ञ जेम्स नॅस्मिथ याचे सांगणे तसेच आहे. तोडगा काय? चामड्याची एक वाटीसारखी कड दट्ट्याभोवती बसवावयाची, वाटीचे तोंड पाण्याकडे. दाब वाढला की पाणी स्वतःच त्या वाटीत शिरून तिच्या कडा फाकविते आणि त्या भिंतीला घट्ट चिकटतात. दाब जितका अधिक, तितकी पकड अधिक. दाब संपला की कडा आपोआप सैल पडतात आणि दट्ट्या सुखाने मागे येतो. गळती थांबविण्याचे काम गळणाऱ्या पाण्याकडूनच करून घेतले!

या माणसाला ब्रामा आठवड्याला तीस शिलिंग देत असे. संसार वाढला म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली. १७९७ मध्ये मॉड्स्ली बाहेर पडला, त्याने स्वतःचे लहानसे दुकान थाटले आणि पुढे इंग्लंडमधील थोर यंत्रकारांत त्याची गणना झाली. तत्त्वाला पास्कलचे नाव राहिले, यंत्राला ब्रामाचे. वाटीला मात्र कोणाचेच नाव नाही. बाजारात तिला आपण नुसते 'वायसर' म्हणतो.

वाटी सापडली आणि मग या विद्येला पाय फुटले. १८४६ मध्ये न्यूकॅसल येथे विल्यम आर्मस्ट्राँगने पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभारली. आपल्या वऱ्हाड-खानदेशात रेल्वे पोचल्यावर कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये हेच यंत्र आले. ढीगभर कापूस त्याने चिणून एका गाठीत बसविला. म्हणजे पास्कलची विद्या आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाची मोटारीच्या आधीपासूनची आहे, फक्त तिचे नाव त्याला कोणी सांगितले नव्हते.

याच काळातील एक प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८४९ मध्ये वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या, एकेक पंधराशे टनांहून जड, जलदाबाच्या यंत्रांनी वर चढविल्या जात होत्या. रॉबर्ट स्टीफन्सनने हुकूम दिला होता, की नळी जसजशी वर जाईल तसतसे खालचे बांधकाम भरीत यावे, भरवसा केवळ यंत्रावर ठेवू नये. ऑगस्टमध्ये एका यंत्राचे सिलिंडर फुटले. नळी कोसळली, पण काही इंचच, कारण खाली आधार होता. आपण गाडी जॅकवर चढवून खाली शिरतो तेव्हा हे आठवावे. जॅकही त्याच जातीचा. चाकांना दगड लावल्याशिवाय आणि गाडीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय डोके आत घालू नये.

मोटारीत द्रव आला तो आधी ब्रेकसाठी. माल्कम लॉकहीड या अमेरिकन तंत्रज्ञाने १९१७ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग मोटारीला चारही चाकांना असे ब्रेक बसले, आणि १९२४ पासून क्रायस्लरने ते सामान्य किमतीच्या मोटारीत आणले. चामड्याची वाटी जाऊन रबराची आली. जुन्या काळी नळीतील द्रव म्हणजे बहुधा एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. पाहा, एरंडेल काही सुटत नाही! क्लचची पाळी मागून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० नंतरच्या दहा वर्षांत, ब्रिटिश मोटारींत द्रवावर चालणारा क्लच सर्रास दिसू लागला. १९५३ ची ट्रायम्फ टी.आर. २ आणि १९५९ ची मिनी ही त्याची उदाहरणे. १९५५ मध्ये फ्रेंच सित्रोएन डी.एस. मोटारीत तर क्लचचे पेडलच काढून टाकले आणि ते काम द्रवावर सोपविले. नळी कशीही वळविता येते, म्हणून एकच गाडी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या चालकांसाठी बनविणेही सोपे झाले.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. पेडलाजवळ वरचा पंप असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. त्याच्या डोक्यावर द्रवाची कुपी. तिथून नळी गिअरबॉक्सजवळच्या खालच्या पंपाला, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरला जाते. पेडल दाबले की सळई वरच्या दट्ट्याला ढकलते, द्रव खाली धावतो, खालचा दट्ट्या बाहेर येऊन फोर्क हलवितो आणि क्लच सुटतो.

एक हिशेब मांडू. समजा, पेडलाची तरफ पाचास एक आहे. वरचा दट्ट्या १६ मिलिमीटर व्यासाचा आणि खालचा १९ चा. व्यासांच्या वर्गांचे प्रमाण काढले, तर खालचा दट्ट्या सुमारे १.४ पट मोठा ठरतो. पायाने १० किलोचा जोर दिला तर वरच्या दट्ट्यावर ५० आणि खालच्यावर ७० किलो. आता चाल पाहा. पेडल १२५ मिलिमीटर गेले, तर वरचा दट्ट्या २५ आणि खालचा जेमतेम १८ मिलिमीटर सरकतो. म्हणजे सारा कारभार दीड-दोन सेंटिमीटरांचा! त्यातले तीन मिलिमीटर जरी कुठे वाया गेले, तरी क्लच पुरता सुटत नाही. हे तीन मिलिमीटर शोधून काढणे म्हणजेच क्लच जुळविणे.

क्लचचे दुखणे दोन प्रकारचे. पहिले, क्लच नीट सुटत नाही. गिअर टाकताना करकर वाजते, रिव्हर्स तर मुळीच पडत नाही, पेडल दाबूनही गाडी पुढे रेटते. दुसरे, क्लच नीट बसत नाही. चढावर इंजिन ओरडते, गाडी मात्र चालत नाही, आणि जळका वास येतो. या दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून दुखणे कोणते हे ठरविल्यावाचून पाना हातात घेऊ नये.

सुटत नसेल तर आधी कुपी पाहावी. ब्रेकची कुपी अस्तर झिजले की थोडी उतरते, ते साहजिक आहे. परंतु क्लचचे उलटे आहे. स्वतः जुळून घेणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजली की खालचा दट्ट्या मागे रेटला जातो आणि द्रव वर येतो. म्हणून स्वतंत्र कुपी असलेल्या क्लचमध्ये द्रव उतरला, तर तो कुठेतरी गळतो आहे हे नक्की समजावे. पेडलाच्या मुळाशी आणि खालच्या पंपाच्या रबरी टोपीत बोट घालून ओल पाहावी. ओल सापडली तर वायसर बदलावे, किंवा पंप आतून चरला असेल तर पंपच बदलावा. तिथे सळईचा नट फिरवून वेळ मारून नेणे म्हणजे गळक्या रांजणात घागरी ओतीत बसणे होय.

ओल नसेल, पण पेडल स्पंजासारखे लागत असेल, दोन-तीनदा दाबल्यावर बरे होत असेल, तर नळीत हवा आहे. द्रव दबत नाही, हवा दबते, म्हणून आपली मोलाची चाल ती गिळते. हवा काढावयास दोन माणसे लागतात. खालच्या पंपाच्या निपलला रबरी नळी लावून तिचे टोक थोडा द्रव असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल ढिले करावे, बुडबुडे निघाले की ते आवळावे, आणि मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करावे, आणि कुपी रिकामी होऊ देऊ नये. निघालेला द्रव पुन्हा ओतू नये. तो डोळ्यांत किंवा गाडीच्या रंगावर उडू देऊ नये, आणि मुलांच्या हाताशीही ठेवू नये, कारण तो विषारी आहे.

हे सारे ठीक असेल, तरच मोकळी चाल मोजावी. फूटपट्टी पेडलाशेजारी उभी धरून बोटाने हलकेच दाबावे. दट्ट्याला सळई टेकेपर्यंत पेडल जितके सहज जाते, तितकी मोकळी चाल. वरच्या पंपापाशी सळई आणि दट्ट्या यांच्यात बहुधा एक-दीड मिलिमीटर अंतर ठेवतात. पेडलाशी ते पाचपट, म्हणजे पाच-सात मिलिमीटर भरते. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा मानावा. लॉकनट ढिला करून सळई फिरवावी. सळई लांब केली की मोकळी चाल कमी होते, आखूड केली की वाढते. जुळले की लॉकनट आवळावा आणि पुन्हा मोजावे. काही जुन्या गाड्यांत खालच्या पंपाची सळईही अशीच जुळवावी लागे, कारण प्लेट झिजेल तसे तिथले अंतर कमी होत जाई. मिनीमध्ये तर क्लचच्या दांड्याशी अर्ध्या मिलिमीटरचे अंतर ठेवावयाचे असे. पुढच्या गाड्यांत खालचा पंप स्वतःच जुळून घेऊ लागला. तिथे सळईला नट दिसला नाही तर तो शोधीत बसू नये.

आता कोणी विचारील, मोकळी चाल हवीच कशाला? सगळेच घट्ट केले तर जास्त चांगले नव्हे काय? इथेच खरी मेख आहे. वरच्या पंपात कुपीकडे जाणारे एक बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच ते उघडते. इंजिनाच्या उष्णतेने द्रव फुगला तर त्या छिद्रातून तो कुपीत परत जातो. सळई घट्ट केली तर दट्ट्या पुरता मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलेच राहते. मग फुगलेला द्रव जाणार कुठे? तो खालच्या दट्ट्याला ढकलतो. पाय पेडलावर नसतानाही क्लच अर्धवट उचललेला राहतो, घसरतो आणि जळतो. बैलगाडीच्या चाकालाही आखाच्या कुणीपाशी थोडा खेळ ठेवतात, ठेवला नाही तर चाक तापते. हे तसेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका किल्ल्यावर निघालो होतो. गाडी भाड्याची आणि जुनी, चालक पंचविशीचा. घाटाच्या मध्यावर इंजिन ओरडू लागले, जळका वास आला आणि गाडी थांबली. तो म्हणाला, "सर, पाय काढलाय, तरी क्लच बसत नाही." मुले पायी वर गेली. आम्हाला वाटले, पोराने क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालविली असणार. मालकालाही तसेच वाटले. त्याने प्लेटचे पैसे त्याच्या पगारातून कापले. मी तिथे उभा होतो. मला त्यातले काही कळत नव्हते, आणि तरीही मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या गावी एका वयस्क मिस्त्रीकडे तीच गाडी उघडलेली दिसली. त्याने वरच्या पंपातले वायसर माझ्या तळहातावर ठेवले. ते भिजल्या चण्यासारखे फुगले होते. "मास्तर, कुणीतरी ब्रेक ऑईलच्या जागी इंजिनाचं ऑईल ओतलंय. रबर फुगलं, भोक बंद झालं. पोरगा काय करणार? घाटात निपल अर्धा फेरा ढिलं केलं असतं तर दाब सुटून क्लच बसला असता, प्लेट वाचली असती. पण हे त्याला सांगणार कोण?" ऑईल ओतणारा कोण ते कोणी शोधले नाही. पोराचे पैसे तर कापून झाले होते. मी मालकाकडे जाऊन जे पाहिले ते सांगितले. अर्धे पैसे परत मिळाले. उरलेल्या अर्ध्यांची टोचणी मला अजून आहे.

म्हणून ही गोष्ट इतक्या तपशिलाने सांगितली. कुपीच्या झाकणावर कोणता द्रव घालावा ते लिहिलेले असते. बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचा ब्रेक द्रव लागतो. तो हवेतील ओल शोषतो, म्हणून फोडलेला डबा वर्षानुवर्षे ठेवून वापरू नये, आणि गाडीतलाही साधारण दोन वर्षांनी बदलावा. खनिज तेलाचा मात्र एक थेंबही त्यात जाऊ देऊ नये.

आजच्या कित्येक मोटारींत खालचा पंप गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसविलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. लहान मोटारींत पुष्कळदा क्लच तारेवरच चालतो, आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना क्लचचे पेडल नसतेच. उद्या कदाचित हे पेडल संग्रहालयात जाईल. पण आज आपल्या घाटांतून फिरणाऱ्या असंख्य गाड्यांत ते आहे, आणि त्याच्यावर कोणाचा तरी पाय आहे.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. वर्गात पास्कलचा नियम शिकवाल तेव्हा दोन पिचकाऱ्या आणि एक रबरी नळी घेऊन तो करून दाखवा. आधी नळीत नुसते पाणी भरा, मग मुद्दाम हवेचा एक बुडबुडा सोडा. मुलांना फरक बोटाला कळेल. आणि पास्कल व ब्रामा यांच्या पाठोपाठ वाटी घडविणाऱ्या मॉड्स्लीचेही नाव फळ्यावर लिहा. त्या मुलांतला एखादा उद्या गाडी चालवील, एखादा मिस्त्री होईल आणि एखादा गाडीचा मालकही होईल. घाटात गाडी थांबली, तर चालकाच्या पायाकडे बोट दाखविण्यापूर्वी त्याने कुपीचे झाकण उघडून पाहावे, इतके जरी त्याच्या ध्यानात राहिले तरी पुरे आहे.